तो वेडा होता, मग आमचं काय?

आमच्या मोहल्ल्यात एक खाला राहतात. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. काही वर्षांपूर्वी त्यांचा थोरला मुलगा फजरची नमाज पढून घरी परतत असताना गल्लीतल्याच एका तरुणाने त्याच्यावर कोयत्याने वार केले. दोघांत भांडण नव्हते, पैशाचा व्यवहार नव्हता. त्या तरुणाला कानात आवाज ऐकू येत असत. गोळ्या त्याने बंद केल्या होत्या आणि समोरचा माणूस आपल्याला मारायलाच आला आहे, असे त्याला खरोखर वाटले. खटला चालला, डॉक्टरांची साक्ष झाली, कोर्टाने त्याला दोषमुक्त केले. खाला मला म्हणाल्या, "बेटा, कोर्ट म्हणतंय गुन्हाच झाला नाही. मग माझा मुलगा कशाने मेला?"

निकाल चुकीचा होता असे मला वाटत नाही. आपण काय करतो आहोत हे ज्याला कळतच नव्हते, त्याला फासावर चढवून काय मिळणार? भारतीय दंड संहितेचे कलम ८४ हेच सांगत होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्येही तेच आहे. या विषयावर बोलताना वकील मंडळी १८४३ सालच्या इंग्लंडमधल्या मॅकनॉटन खटल्याचा दाखला देतात. डॅनियल मॅकनॉटनने पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे खासगी सचिव एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली आणि मानसिक आजारामुळे तो सुटला. त्याच्या नावाचे नियम जगभर शिकवले जातात. मेलेल्या ड्रमंडचे नाव किती जणांना माहीत असते? खालांचे दुःख त्याच जातीचे आहे.

मी निकालपत्राची प्रत मिळवली. असा निकाल देताना, ते कृत्य आरोपीने केले की नाही हे न्यायाधीशांनी स्पष्ट लिहिलेच पाहिजे, असे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३३४ सांगत होते. ते वाक्य निकालपत्रात होते. कृत्य त्यानेच केले, असे. मी ते खालांना वाचून दाखवले. त्यांनी मला ते तीनदा वाचायला लावले. इतकी वर्षे हे वाक्य कुणीच त्यांच्या कानावर घातले नव्हते. 'सुटला' एवढेच त्यांच्यापर्यंत पोचले होते.

आपल्या फिकहमध्ये या बाबतीत एक विचार आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. वेड्या माणसाच्या कृत्याची शिक्षा त्याला नाही, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. जुमाच्या बयानात अनेकदा ऐकलेले असते. पण पुढचा भाग क्वचितच सांगितला जातो. हनफी मताप्रमाणे वेड्याच्या हातून झालेली हत्या चुकून झालेल्या हत्येत मोडते. म्हणजे किसास नाही, पण दियत आहे. आणि ती भरायची 'आकिला'ने, म्हणजे त्याच्या भाऊबंदांनी, तीन वर्षांत विभागून. भाऊबंद नसतील तर बैतुलमालमधून. इतर मजहबांत तपशील वेगळे आहेत. इथे हा कायदा आणा, असे मी म्हणत नाही. शिक्षेचा हिशेब आणि नुकसानीचा हिशेब दोन वेगळ्या वह्यांत मांडलेला आहे, एवढेच मला दाखवायचे आहे. पहिली वही मिटली म्हणून दुसरी मिटत नाही.

गंमत म्हणजे ही दुसरी वही भारतीय कायद्यातही आहे. २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३५७-अ प्रमाणे आरोपी निर्दोष सुटला तरीही पीडिताच्या पुनर्वसनासाठी भरपाईची शिफारस न्यायालय करू शकते. आता तीच तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे. शिफारस आली की जिल्हा विधी सेवा प्राधिकरण रक्कम ठरवते. पण सुटकेच्या निकालात शिफारस करायची आठवण न्यायालयाला करून देणार कोण? सरकारी वकील खटला हरलेला, आरोपीचा वकील घरी गेलेला. खालांसारखी बाई कोर्टाच्या व्हरांड्यात एकटी उभी. माझ्या मते अशा निकालात भरपाईवर दोन ओळी लिहिणे न्यायाधीशांना बंधनकारक असावे, जसे कृत्य कुणी केले ते लिहिणे आहे.

आणि पैसा हा निम्माच प्रश्न आहे. सुटलेल्या माणसाला मनोरुग्णालयात ठेवता येते, किंवा जामिनावर नातेवाइकांच्या ताब्यात देता येते. तो परत येणार आहे, हे खालांना कुणी सांगितले नाही. एका संध्याकाळी दुधाच्या दुकानात तो त्यांच्या शेजारी उभा होता. कॅनडात २०१४ च्या कायद्याने पीडिताने मागणी केली तर सुटकेची आणि तो माणूस कुठे राहणार याची माहिती द्यावी लागते. त्याच्या आजाराची फाईल आम्हाला नको, ती त्याची आणि डॉक्टरांची. फक्त तारीख कळू द्या.

त्या तरुणाच्या अम्मीबद्दलही लिहायला हवे. त्या खालांच्या दारात दोनदा येऊन परत गेल्या. गोळ्यांसाठी त्यांनी किती खेटे घातले, हे गल्लीला माहीत आहे. अशा घटनांत बऱ्याचदा मारणारा आणि मरणारा एकाच घरातले असतात. तिथे तर एकच आई दोन्हीकडून रडते. दियत भरण्याची ऐपत अशा घराची नसते, म्हणूनच आकिलाची जागा सरकारने घ्यायला हवी.

मागच्या महिन्यात आम्ही अर्ज लिहिला. ज्या कार्यालयात गेलो तिथल्या बाबूंनी विचारले, "आरोपी तर सुटला ना, मग भरपाई कसली?" मी कलमाची छापील प्रत पुढे केली. त्यांनी चष्मा लावून ती सावकाश वाचली, मग आतल्या साहेबांना दाखवून आणली आणि अर्जावर शिक्का मारला. खालांनी पोचपावतीची घडी करून ती बटव्यात ठेवली. निकालपत्राचे ते पानही तिथेच आहे.