यंदाची होळी निसर्ग उद्यानाच्या लाकडांवर नको

कोपरखैरणेकरांनो,

होळी तोंडावर आली आहे. दोन-चार दिवसांत गल्लीगल्लीत पोरं लाकडं गोळा करायला लागतील आणि सेक्टर 14 मधल्या निसर्ग उद्यानाकडे त्यांची पावलं वळतीलच, कारण एवढी दाट झाडी आणि वाळकी फांदी आसपास दुसरीकडे कुठे मिळणार? म्हणून आत्ताच हात जोडून सांगणं आहे. त्या झाडीतली काडीही होळीसाठी उचलू नका. आणि तिथे कुणी काही पेटवताना दिसलं तर मान वळवून पुढे जाऊ नका.

जुन्या रहिवाशांना आठवत असेल, ही जागा म्हणजे महापालिकेचं डम्पिंग ग्राउंड होतं. आता शहराचा कचरा तुर्भ्याला जातो. इथला कचरा झाकून त्यावर बाग उभी राहिली, पुढे मियावाकी पद्धतीनं दाट झाडी लावली गेली. पण गाडलेला कचरा संपत नाही. हवा न मिळता तो वर्षानुवर्षं कुजत राहतो आणि त्यातून मिथेन निघतो. मिथेन पेट घेतो. अशा बंद केलेल्या जागी वायू बाहेर पडायला पाइप ठेवतात ते याचसाठी. कुणाला घाबरवायचं नाही. नीट झाकलेली जागा उघड्या ढिगासारखी भडकत नाही. तरी खाडीपलीकडचं देवनारचं डम्पिंग ग्राउंड जानेवारी 2016 मध्ये पेटलं तेव्हा दिवसेंदिवस धूर निघत होता, हे विसरण्यासारखं नाही. आपल्याकडे दुपारनंतर वारा खाडीवरून वस्तीकडे येतो. बागेत आग लागली तर धूर कुणाच्या खिडकीत शिरेल, हे वेगळं सांगायला नको.

जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या पद्धतीत चौरस मीटरला 3 ते 5 रोपं लावतात, तीही करंज, ताम्हण, कडुनिंब, जांभूळ अशी आपल्याच मातीतली. पहिली दोन-तीन वर्षं पाणी घालायचं, तण काढायचं. मग रान आपलं आपण वाढतं. ते कशावर वाढतं? खाली पडलेल्या पाल्यावर. कधी वाटेच्या कडेला वाकून पाचोळ्याचा वरचा थर बोटानं बाजूला करून पाहा. वरचं पान कुरकुरीत, त्याखालचं मऊ, आणि त्याच्याही खाली काळसर ओल, बुरशीचे पांढरे धागे, एखादं पळणारं वाळवीचं पोर. मार्च ते मे झाडं तग धरतात ती या ओलीवर. आपण ज्याला वाळकं लाकूड म्हणतो ते या झाडांचं उद्याचं खत आहे. ते उचलून नेलं किंवा पाचोळ्याला काडी लावली, तर कोवळी झाडं उन्हाळ्यात उघडी पडतात.

फेरी मारायला येणाऱ्यांशीही दोन शब्द बोलायचे आहेत, आणि त्यात मीही आलोच. बागेतल्या वाटेला चढ नाही, दम लागत नाही, सावलीतून फिरून माणूस निघाला तिथेच परत येतो. माथाडी वसाहतींतल्या लहान घरांतून येणाऱ्या आजी-आजोबांना आणि पोरांना एवढी मोकळी जागा दुसरी नाही. मग वळसा वाचवायला झाडीतून आडव्या पायवाटा कशाला पाडायच्या? फिरायलाच आलो आहोत ना! निर्माल्याची पिशवी झाडाखाली ठेवल्यानं पुण्य लागत नाही, नुसतं प्लास्टिक उरतं. आणि प्राणायाम आटोपून बाकाखाली सिगारेट विझवणारे महाभागही आपल्यातच आहेत. त्यांना एकच विनंती: गेटच्या आत काडेपेटी, लायटर आणूच नका. वाळल्या पाचोळ्यात पडलेलं थोटूक बराच वेळ धुमसतं, आणि तोवर टाकणारा घरी पोचून चहा पीत असतो.

कायद्याचंही सांगतो. शहरी भागात परवानगीशिवाय झाड तोडणं 1975 च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली गुन्हा आहे. उघड्यावर कचरा जाळायला 2016 च्या घनकचरा नियमांनीच मनाई केली, आणि पाचोळा त्यातच आला. झाडलोट करणाऱ्यांवर मात्र डाफरू नका. ढीग केलेला दिसला तर तो झाडांच्या बुंध्याशी पसरू द्या, एवढंच गोडीनं सांगा.

होळी करू नका, असं कोण म्हणतं? खैरणे, बोनकोडे गावठाणातल्या होळीला पिढ्यांचा मान आहे. पण सोसायटीच्या चार विंगच्या चार होळ्या लागतात कशाला? एकच करा, शेणाच्या गोवऱ्यांची करा. प्लायवूड आणि रंगवलेलं फर्निचर टाकू नका, त्याचा धूर पोरांच्या छातीत जातो. ‘होळी लहान, पोळी दान’ ही अंधश्रद्धा निर्मूलन समितीची हाक जुनीच आहे. यंदा ती मनावर घ्या. लाकडं आणायला पोरं निघाली की आई-बापांनी आणि मंडळाच्या दादांनी ‘कुठून आणणार?’ एवढं विचारलं तरी निम्मं काम होईल.

बागेत धूर दिसला तर आधी 101 ला फोन करा. ‘सेक्टर 14, निसर्ग उद्यान’ असं स्पष्ट सांगा आणि कोणत्या गेटच्या बाजूला आहे तेही सांगा. थोटकाएवढी ठिणगी असेल तर त्यावर माती टाका, पाणी ओता. ज्वाळा दिसत असतील तर झाडीत शिरू नका; लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना घेऊन बाहेर या आणि बंब आत यायला गेटसमोरच्या गाड्या हलवा.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी ही सूचना आज रात्रीच फळ्यावर लावावी, भाडेकरूंसाठी खाली हिंदीतही लिहावी.