स्वायत्त नौकेला आधी पाणी द्या

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी स्वायत्त नौका बांधू लागले, की समाजमाध्यमांवर त्यांचे कौतुक होते. संघाचे छायाचित्र, मध्यभागी तिरंगा, शेजारी दोन तरंगांवर उभी केलेली छोटी नौका आणि खाली परदेशातील एखाद्या स्पर्धेचे नाव. कौतुक व्हावे, त्याला हरकत नाही. पण ही नौका आजवर किती तास पाण्यात होती, हा आकडा त्या मजकुरात कधी आढळत नाही. आणि माझ्या मते त्या संघाविषयीचा सर्वांत महत्त्वाचा आकडा तोच आहे.

अमेरिकेतील ‘रोबोबोट’ ही या प्रकारातील सर्वपरिचित स्पर्धा. साधारण सहा फुटांच्या आतली नौका विद्यार्थ्यांनी बांधायची, पाण्यात सोडायची आणि मग हात मागे घ्यायचे. लाल-हिरव्या बोयांमधला मार्ग शोधणे, अडथळे चुकवणे, नेमून दिलेल्या जागी धक्क्याला लागणे, ही कामे नौकेने स्वतः करायची. काठावरच्या माणसाला एकच अधिकार उरतो: काही बिघडले तर दूरस्थ कळ दाबून मोटारी बंद करणे. कामांची ही यादी वाचली, तर घरी संगणकावर करून पाहता येईल असेच वाटते. कॅमेऱ्याची चित्रे मिळतात, बोये ओळखणारे प्रारूप दोन दिवसांत प्रशिक्षित होते, आभासी तळ्यात नौका डौलाने वळते.

खऱ्या तळ्यात ती वळत नाही. नौकेला ब्रेक नसतो. थांबायचे तर मोटारी उलट फिरवाव्या लागतात आणि त्या फिरेपर्यंत वारा तिला बाजूला ढकलतो. दुपारच्या उन्हात पाण्यावरची चकाकी कॅमेऱ्याला आंधळे करते, लाल आणि नारिंगी बोयांतला भेद नाहीसा होतो. लायडारचे किरण स्थिर पाण्यावरून दुसरीकडे परावर्तित होतात आणि परत येतच नाहीत. मोटारींना जाणाऱ्या जाड तारांतून प्रवाह वाढला, की शेजारी बसवलेले इलेक्ट्रॉनिक होकायंत्र उत्तर दिशा विसरते. नौकेची अँटेना पाण्यालगत असल्याने काठापर्यंतचा संदेश लाटांवर आपटून तुटक होतो. आणि या सगळ्यातून पार पडलेल्या नौकेच्या पंख्यात शेवटी शेवाळ अडकते. यांतील एकही धडा वर्गात मिळत नाही. तो तासन्‌तास काठावर बसून, ओल्या कपड्यांनी, पुन्हा पुन्हा नौका ओढून आणून मिळतो.

मोठ्या नौकांची कथाही वेगळी नाही. ‘मेफ्लॉवर’ ही मानवरहित नौका जून २०२१ मध्ये इंग्लंडहून अटलांटिक ओलांडायला निघाली आणि काही दिवसांतच तिला माघारी आणावे लागले. तिची कृत्रिम बुद्धिमत्ता चुकली नव्हती. जनरेटरच्या धूरनळीचा एक लहानसा धातूचा जोड तुटला होता. पुढच्या वर्षी ती पुन्हा निघाली, वाटेत दुरुस्तीसाठी अझोर बेटांकडे वळली आणि जून २०२२ मध्ये कॅनडातील हॅलिफॅक्सला पोहोचली. जहाजावर माणूस असता तर त्याने तो जोड बांधून ठेवला असता. माणूस काढून टाकला, की प्रत्येक जोड, प्रत्येक सील, प्रत्येक खिळा स्वायत्ततेचाच भाग होतो.

आपल्या विद्यार्थ्यांची कुवत सिद्ध झालेली आहे. आयआयटी मुंबईच्या ‘मत्स्य’ या पाण्याखालील यानाने २०१६ मध्ये सॅन दिएगो येथील ‘रोबोसब’ स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळवला. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने पाण्याखालील स्वायत्त यानांसाठी विद्यार्थ्यांची देशांतर्गत स्पर्धा घेतली आहे. तथापि परदेशाची वाट फार महाग आहे. विमानभाडे, व्हिसा, नौकेची वाहतूक. त्यात १६० वॅट-तासांहून मोठी लिथियम बॅटरी प्रवासी सामानातून नेता येत नाही, म्हणून तिची वेगळी तजवीज. नौका बांधण्याचा खर्च या सगळ्यापुढे फिका पडतो. एखाद्या मोठ्या संस्थेचा संघ हे पेलतो. पूर्णियाच्या किंवा सिलचरच्या महाविद्यालयातील मुलीने काय करायचे?

याचे उत्तर इंडोनेशियाने शोधले आहे, असे मला वाटते. सुराबाया येथील तंत्रज्ञान संस्थेच्या ‘बारुनास्त्र’ संघाने ‘रोबोबोट’मध्ये एकाहून अधिक वेळा विजेतेपद मिळवले. (नाव ओळखीचे वाटले ना? वरुणास्त्रच ते. आपण ते नाव पाणतीराला दिले, त्यांनी विद्यार्थ्यांच्या नौकासंघाला.) त्या देशात मानवरहित वेगवान नौकांची राष्ट्रीय विद्यार्थी-स्पर्धा भरत आली आहे. परदेशात जाणारा संघ आधी घरच्या पाण्यात हरून, सुधारून मग निघतो.

जमिनीवरच्या वाहनांसाठी हेच आपणही केले आहे. इंदूरजवळच्या पिथमपूरला २००७ पासून ‘बाहा’ स्पर्धा सुरू झाली, आणि देशभरातील महाविद्यालयांच्या कार्यशाळांत ओबडधोबड रस्त्यांवर धावणाऱ्या गाड्या वेल्ड होऊ लागल्या. आधी धावपट्टी आली, मग गाड्या आल्या. पाण्याच्या बाबतीत आपण नौका मागत आहोत आणि धावपट्टी देत नाही. जलाशय पाटबंधारे खात्याचा, तलाव नगरपालिकेचा, खाडी बंदर खात्याची. विद्यार्थ्याने परवानगीचा अर्ज कोणाकडे करावा, इथेच सत्राचे निम्मे दिवस सरतात.

तेव्हा देशाच्या चार-पाच भागांत एकेक जलाशय ठरवून द्यावा. काठावर वीज, सावली, एक बचाव-नौका आणि वर्षभर चालणारे ऑनलाइन नोंदणीपत्रक, एवढे पुरे. बुडण्याच्या भीतीने परवानगी नाकारली जाते, आणि ती भीती खोटी नाही. पण लाइफ जॅकेट सक्तीचे असलेला, जीवरक्षक हजर असलेला एक अधिकृत काठ हा विद्यार्थ्यांनी चोरून गाठलेल्या दहा काठांपेक्षा सुरक्षित असतो.

स्पर्धेतील कामेही आपल्या पाण्यातून यावीत. साधे उदाहरण घ्या. अमेरिकेत समुद्रातून बंदरात शिरताना लाल बोया उजव्या हाताला ठेवतात. भारतात तो डाव्या हाताला असतो. तिकडच्या नमुन्यावरून जशीच्या तशी उचललेली आज्ञावली कोचीच्या बंदरात नौकेला मार्गाच्या चुकीच्या बाजूने नेईल. आणि आपल्या नद्यांत अनेकदा बोये नसतातच. असतात जलपर्णीचे वाहते पुंजके, दिवा नसलेल्या होड्या, पसरलेली जाळी, घाटावर न्हाणारी माणसे. हे सारे ओळखणारी नौका कोणी परदेशात बनवून देणार नाही. शिवाय जलाशयात गाळ किती साचला हे मोजायला प्रतिध्वनीने खोली मोजणारी छोटी स्वायत्त नौका फार उपयोगाची आहे. स्पर्धेतील एक फेरी त्याच कामाची ठेवली, तर धरणाच्या अभियंत्यांनाही परीक्षक म्हणून काठावर यावेसे वाटेल.

मागणी काल्पनिक नाही. २०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग घोषित झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मातंगी’ ही स्वदेशी स्वायत्त नौका मुंबईहून तुतिकोरिनच्या सुमारे १,५०० किलोमीटरच्या सफरीवर निघाली. अशा नौका बांधायला आणि सांभाळायला माणसे लागणार आहेत.

पहिल्या वर्षी बक्षिसाची रक्कम लहान ठेवावी आणि गुणांमध्ये एक रकाना पाण्यातील नोंदलेल्या तासांचा असावा, तारीखवार, बिघाडांच्या टिपणांसह. स्पर्धा डिसेंबरात घ्यावी. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरपासून बहुतेक जलाशय भरलेले आणि निवळलेले असतात. सरावाला दोन महिने मिळतात, आणि त्या सुमारास विद्यापीठांच्या सत्र परीक्षा असतात, त्यांच्या तारखा तेवढ्या आधी पाहून घ्याव्या लागतील.