तारुण्यात गाव, वार्धक्यात पेठ

मुंबईत पस्तीस-चाळीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेला आमच्या सिंधुदुर्गातला चाकरमानी, भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती पडताच, वाडीतील वडिलार्जित घराशेजारी नवे चिरेबंदी घर उभारण्याचा संकल्प करतो. आणि त्याऐवजी मालवणच्या, वेंगुर्ल्याच्या अथवा सावंतवाडीच्या जुन्या पेठेत दोन खोल्यांची जागा घ्यावी असे कोणी सुचविले, तर ती सूचना त्याला जन्मभूमीशी केलेल्या प्रतारणेसारखी वाटते. या भावनेविषयी मला नितांत आदर आहे. परंतु ज्या वयात ती कृतीत उतरते ते वय चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. गाव तरुणाने पत्करावे आणि पेठ वृद्धाने. आपण पिढ्यान्‌पिढ्या नेमके याच्या उलट करीत आलो आहोत.

गावी राहणे म्हणजे केवळ गावात घर असणे, असा समज शहरात फार रूढ आहे. ज्या भूमीवर चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, त्या भूमीवरचे घर दर वर्षी माणसाच्या अंगमेहनतीची मागणी करते. पावसापूर्वी कौले परतावी लागतात, ढासळलेला गडगा पुन्हा रचावा लागतो, परसातल्या विहिरीचा गाळ उपसावा लागतो, तरवा पेरावा लागतो, आणि पाऊस ओसरल्यावर वहाळाला बांध घालण्यासाठी वाडीतल्या प्रत्येक घरातून एक माणूस उभा राहावा लागतो. याखेरीज गावऱ्हाटी आहे. ग्रामदेवतेच्या मंदिरातील मानपान, गाऱ्हाणी, कौल, कार्तिकापासून सुरू होणाऱ्या जत्रा आणि त्यांतले दशावतार, या सर्वांचा भार उचलणारी मनुष्ये गावात बारमाही हजर असावी लागतात. वर्षातून एकदा येऊन वर्गणीची पावती फाडल्याने तो भार हलका होत नाही.

मालवण तालुक्यातील आचरा, चिंदर, वायंगणी या गावांत काही वर्षांच्या अंतराने देवाचा कौल घेऊन गावपळण होते, हे पुष्कळांना ठाऊक असेल. सारा गाव, लेकरांबाळांसह, गुरेढोरे आणि कोंबड्या-कुत्र्यांसह, वेशीबाहेर पडून तीन दिवस तीन रात्री झावळांच्या आणि कापडाच्या राहुट्यांत काढतो, आणि पुन्हा कौल मिळाल्यावरच माघारी येतो. या प्रथेमागील श्रद्धा प्रत्येकाला मान्य असेलच असे नाही. पण घरोघरच्या चुली एकाच दिवशी विझवून शेजाऱ्यापाजाऱ्यांसह उघड्या माळावर संसार थाटणारा समाज परस्परांवर किती विसंबून असतो, याचे याहून प्रत्यक्ष प्रमाण मला कोठे आढळत नाही. ज्याच्या घराला अकरा महिने कुलूप असते त्याला या विसंबण्यात स्थान नाही. त्याचे घर कितीही देखणे असो, गावाच्या दृष्टीने ते रिकामेच राहते.

अशा रिकाम्या घरांची संख्या वाढत आहे, आणि खानेसुमारीचे आकडे याला पुष्टी देतात. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा काढलेला हा जिल्हा २००१ साली ८,६८,८२५ लोकवस्तीचा होता. २०११ साली ती ८,४९,६५१ झाली. अवघा महाराष्ट्र वाढत असता सिंधुदुर्ग आणि त्याचा शेजारी रत्नागिरी हे जिल्हे घटले. मनुष्यबळ गेले म्हणून मळे पडीक राहिले, पडीक मळ्यांत रान माजले, रानाबरोबर डुक्कर, गवे आणि माकडे वस्तीपर्यंत आली, आणि मग जो थोडाबहुत पेरीत होता त्यालाही पेरणे परवडेनासे झाले. पटावर मोजकीच मुले उरल्याने वाडीतली शाळा बंद पडते, आणि शाळा बंद पडली की लहान मुले असलेले उरलेसुरले कुटुंबही गाव सोडते. या दुष्टचक्रात साठी उलटलेल्या दांपत्याचे परतणे फारसा फरक पाडू शकत नाही. शाळेला मूल हवे असते आणि नांगराला हात हवा असतो.

उलटपक्षी, त्या दांपत्याला जे हवे असते ते देण्याची शक्ती वाडीत नसते. रात्री छातीत कळ आली तर पाणंदीतून मुख्य रस्त्यापर्यंत माणसाला उचलून आणणारे चार खांदे कोठून आणावेत, हा प्रश्न आज कित्येक वाड्यांत खरोखरीचा आहे. जिल्ह्याचे मोठे रुग्णालय ओरोसला. दुखणे त्याहून गंभीर असले तर गोव्यात बांबोळीला धाव घ्यावी लागते, हे येथील प्रत्येक घराला अनुभवाने माहीत आहे. मे २०२१ मधील तौक्ते वादळाने मालवणच्या किनाऱ्यावर माड आणि विजेचे खांब आडवे केले, तेव्हा अंतर्भागातील वस्त्यांना कित्येक दिवस अंधारात काढावे लागले. समुद्र आणि कर्ली नदी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या देवबागसारख्या गावात वार्धक्य एकट्याने कंठण्याचा विचार मनात आणणाऱ्याने त्या दिवसांची आठवण ठेवावी.

आता पेठेविषयी. मालवण हे शहर म्हणवते, तथापि मेढा, धुरीवाडा, देऊळवाडा, गवंडीवाडा अशा त्याच्या भागांतून हिंडणाऱ्यास माडांच्या सावलीतली कौलारू घरे, अंगणातले वृंदावन आणि परसातली विहीर पदोपदी दिसते. शिवछत्रपतींनी १६६४ साली कुरटे बेटावर ज्या जलदुर्गाची पायाभरणी केली, त्याच्या समोरच्या किनाऱ्यावर आजही मासळीचा लिलाव होतो. ग्रामीण रुग्णालय, टोपीवाला हायस्कूल, स. का. पाटील महाविद्यालय, बॅरिस्टर नाथ पै सेवांगण, कचेरी, औषधांची दुकाने, हे सारे वृद्धाच्या चालण्याच्या नाही तरी रिक्षाच्या टप्प्यात आहे. सावंतवाडीत मोती तलावाकाठी संध्याकाळी समवयस्कांचा मेळा जमतो आणि वाचनालयात वर्तमानपत्र वाचायला माणसे येतात. वृद्धाला औषधाइतकीच संगतीची आवश्यकता असते, आणि ती संगत देण्याचे सामर्थ्य या लहान, जुन्या, एकमेकांना नावाने ओळखणाऱ्या शहरांत अजून शाबूत आहे. पर्यटनाच्या ओघात मालवणातली जुनी घरे एकामागून एक पाहुण्यांच्या खोल्यांत रूपांतरित होत आहेत, ही मला खरी चिंतेची बाब वाटते. या पेठेत कायमचे राहणारे कमी झाले तर तिचे शेजारपण संपेल, आणि म्हणूनही निवृत्तांनी तेथे वस्ती करावी.

विष्णु सखाराम खांडेकर १९२० साली वेंगुर्ले तालुक्यातील शिरोड्याला शाळामास्तर म्हणून गेले तेव्हा त्यांचे वय बावीस वर्षांचे होते. १९३८ साली ते कोल्हापूरला गेले तेव्हा चाळीस. आयुष्यातील सर्वांत उमेदीची अठरा वर्षे त्यांनी त्या गावाला दिली, आणि त्यांच्या लेखनाला तेथील दारिद्र्याने व माणसांनी जे दिले ते मराठी वाचक जाणतोच. उतारवयात शिरोड्याला विश्रांतीसाठी गेलेला लेखक ना शाळा उभी करू शकला असता, ना ते पाहू शकला असता. १९४८ साली कणकवलीजवळ गोपुरी आश्रम स्थापन करणारे अप्पासाहेब पटवर्धन पन्नाशी ओलांडलेले होते, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. परंतु भंगीमुक्ती आणि खतनिर्मितीसाठी स्वतः मैला हाताळणाऱ्या त्या पुरुषाचे व्रत सामान्य निवृत्त गृहस्थाच्या मापाने मोजता येणार नाही.

तरुणाने गावी राहावे तर पोटाचे काय, हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. आंबा, काजू, कोकम यांवर मेहनत घेणारा, त्यांच्या प्रक्रियेचा लहानसा उद्योग करणारा, किंवा संगणकावर दूरचे काम करणारा तरुण आज गावात तग धरू शकतो. मात्र त्याच्या पायाखाली स्वतःची जमीन हवी, आणि अडते ते येथेच. सातबाऱ्यावर आजोबांची आणि चुलत-आजोबांची नावे, कब्जेदार सदरी तीस-चाळीस हिस्सेदार, त्यांतले निम्मे मुंबईत आणि काही दिवंगत असूनही फेरफाराविना तसेच कागदावर, अशा सामाईक जमिनीवर बँक कर्ज देत नाही आणि भावकी कलम लावू देत नाही. आंबोली, चौकुळ, गेळे येथील कबुलायतदार गावकर जमिनींचा गुंता तर याहून जुना आणि सरकारदरबारी दीर्घकाळ अडकलेला. गावे माणसांविना ओस पडली त्याला मुंबईच्या गिरण्यांइतकेच हे न झालेले वाटप कारणीभूत आहे.

म्हणून माझी विनंती ज्येष्ठांना आहे. यंदा चतुर्थीला सारी भावकी एका छपराखाली जमेल तेव्हा आरतीनंतर एक दुपार या कामासाठी राखून ठेवावी. वारसांच्या नोंदी करून घ्याव्यात, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ अन्वये, सर्व सहधारकांच्या संमतीने, तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज द्यावा. कुटुंबातला जो मुलगा किंवा मुलगी गावी राहावयास तयार असेल, त्याच्या वाट्याला घर आणि घरालगतची जमीन सोडावी. नव्या बंगल्यासाठी बाजूला काढलेल्या पैशातून आपण स्वतः पेठेत जागा पाहावी. तेथून जत्रेला, पालखीला आणि नातवंडांच्या अंगणात एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते.