चांदीला आलेला बहर

कोपनहेगनच्या उत्तरेला रानात वसलेले रॉद्वाद हे लहानसे गाव. पाण्याच्या बळावर चालणारा चाकू-सुऱ्यांचा कारखाना हीच काय ती त्याची ओळख. या कारखान्यात पात्यांना धार लावणाऱ्या एका कामगाराच्या घरी ३१ ऑगस्ट १८६६ रोजी गेऑर्ग येन्सनचा जन्म झाला. घरात पैसा बेताचाच. पण दाराबाहेर पाऊल टाकले की ओक आणि बीचची झाडे होती, ओलावा होता, किडे-पाखरे होती. पुढे चांदीत उमटलेली पाने, कळ्या आणि ओकची फळे त्याने अशी पोरवयातच मनात साठवली.

चौदाव्या वर्षी तो कोपनहेगनमध्ये एका सोनाराकडे उमेदवारीला लागला. हात चांगला होता, १८८४ साली तो कारागीर म्हणून बाहेर पडला. मन मात्र भट्टीत आणि हातोडीत रमत नव्हते. त्याला शिल्पकार व्हायचे होते! कामगाराच्या मुलाने असे स्वप्न पाहणे म्हणजे घरच्यांच्या दृष्टीने चैनच. तरीही तो राजधानीतल्या कला अकादमीत शिरला आणि १८९२ मध्ये शिक्षण पुरे करून बाहेर पडला.

शिल्पे झाली, कौतुकही झाले. पण कौतुकाने चूल पेटत नाही. १८९७ साली त्याची पत्नी आंतोनेत वारली. पदरी दोन मुलगे, त्यांतला यॉर्गन अवघा दोन वर्षांचा. एकतीस वर्षांचा हा विधुर बाप आता मातीकडे वळला. मित्राबरोबर त्याने सिरॅमिकची भांडी करायला घेतली. त्यातल्या ‘घड्यावरची मुलगी’ या कामाची १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात वाखाणणीही झाली. विक्री मात्र बेताचीच होती.

अखेर १९०१ मध्ये तो पुन्हा धातूकडे आला. मोगेन्स बालिन नावाच्या चित्रकाराने काढलेल्या धातुकामाच्या कार्यशाळेत त्याने नोकरी धरली. ज्या धंद्यातून पळ काढला, त्याच धंद्याच्या दारात पस्तिशीत परत उभे राहायचे. दुसरा एखादा यात पराभव मानून कडवट झाला असता. येन्सनने काय केले, तर शिल्पकलेत जे शिकला होता ते सारे तळहाताएवढ्या चांदीत उतरवले.

१९०४ साली ब्रेडगाडे रस्त्यावरच्या ३६ क्रमांकाच्या घरात त्याने स्वतःची छोटी कार्यशाळा थाटली. मोठ्या वस्तूंसाठी लागणारी चांदी घ्यायला भांडवल कुठले? म्हणून सुरुवात दागिन्यांनी झाली. ब्रोच, बक्कले, कंगव्यांच्या मुठी, गळ्यातली पदके. कुठे चतुर पंख पसरून बसलेला, कुठे पानांच्या गर्दीतून डोकावणारी कळी. हिरे-माणकांच्या वाटेला तो गेलाच नाही. डेन्मार्कच्या किनाऱ्यावर सापडणारा मधासारखा अंबर, दुधाळ चंद्रकांत, पोवळे, हिरवा मॅलाकाइट, असे मायाळू रंगांचे खडे तो निवडी. किमतीपेक्षा रंग पाहणारी ही नजर त्या काळच्या जडजवाहिरांच्या बाजारात वेगळीच म्हणायची.

त्याचे खरे वैशिष्ट्य मात्र चांदीच्या अंगकांतीत आहे. चांदी मऊ असते, हे कोणताही सराफ सांगेल. पत्र्याला मागून ठोकून उठाव द्यायचा, पुढून बारीक छिन्नीने शिरा आणि कडा काढायच्या, सुटे भाग डाक लावून जोडायचे, हे काम तर सगळेच करीत. पण शेवटी सगळे घासूनपुसून आरशासारखे लखलखीत करण्याची जी रीत होती, ती येन्सनला मानवली नाही. हातोडीचे बारीक ठोके तो तसेच राहू देई. मग वस्तू मुद्दाम काळवायची आणि फक्त उंचवटे उजळायचे. खाचेत काळोख राहतो, पानाच्या पाठीवर मंद उजेड पडतो. पहाटेच्या दवात झाड दिसते तसे ते पान दिसते. आपल्याकडे चांदीला काळपट छटा दिसली की घरची बाई ताबडतोब चिंच नाहीतर रांगोळी घेऊन बसेल. येन्सनच्या ब्रोचचे तिने तेवढे करू नये!

दागिन्यांनी हात दिला आणि मग भांडी आली. झाकणावर फुललेल्या फुलाची चहादाणी १९०५ सालची. चित्रकार योहान रोडे याच्याशी सूर जुळला. ओकच्या फळांची नक्षी असलेले चमचे-काटे १९१५ मध्ये त्याच्याच कल्पनेतून उतरले. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात अमेरिकेतला वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट याने येन्सनची मांडलेली जवळजवळ सगळी चांदी विकत घेतली.

घरात मात्र दैवाने सुख टिकू दिले नाही. दुसरी पत्नी मारिया १९०७ मध्ये गेली, तिसरी योहान १९१८ मध्ये. पिळदार दांड्यावरचे, खाली द्राक्षांचे घोस लोंबणारे त्याचे प्रसिद्ध पात्र याच १९१८ सालचे. दुःख आणि कलाकृती यांची गाठ मारण्याचा मोह इथे होतो, पण तो आवरलेलाच बरा; कार्यशाळेत काम रोजचे होते आणि मजुरीही दर आठवड्याची.

धंदा वाढला तसा तो भागीदारांच्या हाती गेला. बर्लिन झाले, १९२४ मध्ये न्यूयॉर्कला दुकान निघाले. हिशेबात येन्सनचे मन कधीच नव्हते. १९२५ साली तो पॅरिसला गेला आणि वर्षभरातच परतला. आपल्याच नावाच्या कंपनीत त्याचा शब्द आता अखेरचा राहिला नव्हता. २ ऑक्टोबर १९३५ रोजी तो वारला.

दोन वर्षांचा असताना आई गमावलेला यॉर्गन पुढे चांदीकामातच नावारूपाला आला. योहानचा मुलगा सोरेन १९१७ चा, आई गेली तेव्हा तान्हाच. बापाच्या कार्यशाळेत तो चांदीकाम शिकला, ते पुरे केले आणि मग अकादमीत दाखल झाला. विषय घेतला शिल्पकला.