बापाला शिक्षा झाली, मूल कोणाकडे?

भगिनींनो, नवऱ्याला फौजदारी खटल्यात शिक्षा झाली म्हणजे मुलाचा ताबा आपोआप आपल्याला मिळाला, असे समजून स्वस्थ बसू नका. शिक्षा होते ती गुन्ह्याची. ताबा ठरतो तो मुलाच्या हितावर. बापाची चालचलणूक कशी, मूल सांभाळण्याची कुवत किती आणि जाणत्या मुलाची इच्छा काय, हे 1890 च्या पालक व पाल्य कायद्याने पाहिले जाते. बांधाच्या भांडणातली शिक्षा वेगळी, बायको-मुलांना मारल्याची वेगळी. 2008 साली तर सर्वोच्च न्यायालयाने, पत्नीच्या मृत्यूबद्दल खटला चालू असलेल्या बापाला ताबा नाकारून मूल आजोळीच ठेवले.

अर्ज मूल राहते त्या भागातल्या न्यायालयात करावा. फौजदारी निकालाची सही-शिक्क्याची नक्कल आणि मुलाचा शाळेचा दाखला जोडा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही. उच्च न्यायालयातील अपिलासाठीही आता मुंबई गाठायला नको; 18 ऑगस्ट 2025 पासून सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे.

एक मात्र सांभाळा. मुलाला बापाविरुद्ध पढवू नका. न्यायाधीश मुलाशी स्वतः बोलू शकतात, आणि पढवलेले बोल लपत नाहीत.