निम्न वारंवारितेच्या हौशी रेडिओ पट्ट्यांवरील शक्तिमर्यादेबाबत निवेदन

प्रति,
मा. वायरलेस अॅडव्हायझर, भारत सरकार,
डब्ल्यूपीसी विभाग, दूरसंचार विभाग, संचार भवन, नवी दिल्ली

द्वारा : मा. जिल्हाधिकारी, पालघर

विषय : १३५.७ ते १३७.८ आणि ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ या पट्ट्यांची शक्तिमर्यादा अँटेनातून बाहेर पडणाऱ्या शक्तीवर ठरवण्याबाबत.

महोदय,

आम्ही मासवण, पालघर आणि बोईसर-तारापूर भागातील परवानाधारक हौशी रेडिओचालक. दूरसंचार कायदा, २०२३ खालील नियमांत वरील दोन पट्ट्यांची मर्यादा ट्रान्समीटरला दिलेल्या वॅटवर बांधली जाऊ नये, यासाठी हे निवेदन देत आहोत. रिस्ट्रिक्टेड परवान्याला ५० आणि जनरल परवान्याला ४०० वॅट ही मोजणी शॉर्टवेव्हवर चालते, कारण तिथली पूर्ण लांबीची अँटेना घराच्या गच्चीवर मावते.

१३७ किलोहर्ट्झची लहर सुमारे २२०० मीटर लांब असते. तिच्या पाव लांबीची अँटेना उभारायची तर ५५० मीटर उंची लागेल. आमच्या वाडीत ताडाच्या आधाराने फार तर १५ मीटर तार उभी राहते. अशा तारेचा प्रक्षेपण-रोध ओहमच्या पन्नासाव्या हिश्शाहूनही कमी भरतो, तर जमीन आणि कॉइल मिळून ६० ओहम सहज खातात. म्हणजे १०० वॅट दिले की जेमतेम ०.०३ वॅट हवेत जातात आणि बाकीच्यांची उष्णता होते. आखूड उभ्या अँटेनाचा तिप्पट लाभ धरला तरी ई.आय.आर.पी. (अँटेनाचा लाभ धरून बाहेर पडणारी परिणामी शक्ती) ०.०९ वॅट होते. आंतरराष्ट्रीय नियमांनी या पट्ट्याला दिलेली १ वॅट ई.आय.आर.पी. गाठायला याच तारेला सुमारे ११०० वॅट लागतील. ४०० वॅटची अट घातली, तर जगाने दिलेली सवलत इथे कागदावरच राहील. शिवाय आमच्याकडची सूर्या नदीकाठची भातखाचरे श्रावणात तुडुंब आणि मे महिन्यात भेगाळलेली असतात. जमीन बदलली की तोच ट्रान्समीटर वेगळी शक्ती बाहेर टाकतो. डब्यावर लिहिलेल्या वॅटवरून शेजाऱ्याला होणारा उपद्रव मोजता येत नाही.

४७२ किलोहर्ट्झच्या पट्ट्यावर आंतरराष्ट्रीय मर्यादा १ वॅट ई.आय.आर.पी. आहे. मात्र ठरावीक देशांच्या सीमांपासून ८०० किलोमीटरपेक्षा दूरच्या प्रदेशात ती ५ वॅटपर्यंत वाढवण्याची मुभा देशाला आहे. त्या यादीतले आपल्या बाजूचे देश चीन, इराण आणि ओमान. या तिन्हींच्या सीमा मासवणपासून हजार किलोमीटरहून लांब आहेत. मग ही मुभा पालघर जिल्ह्याला का मिळू नये? वळवापासून परतीच्या पावसापर्यंत विजांचा कडकडाट या पट्ट्यांवर इतका असतो की युरोपात पुरणारा १ वॅट इथे ऐकूही येत नाही.

एक आक्षेप आम्हाला स्वतःलाच गंभीर वाटतो. अतिउच्चदाब वाहिन्यांवरची पीएलसीसी संदेशयंत्रणा याच वारंवारितांच्या आसपास चालते, आणि वाहिनीत बिघाड झाल्यास ती तोडण्याचे संकेतही त्यातून जातात. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून आमच्याच तालुक्यात आहे, त्याच्या वाहिन्या आमच्या डोळ्यांसमोर आहेत. त्यांना धक्का लागेल अशी सवलत आम्हाला नको. अमेरिकेने २०१७ मध्ये यावर वाट काढली : पीएलसीसी असलेल्या पारेषण वाहिनीपासून १ किलोमीटरच्या आत प्रक्षेपण नाही, आणि सुरू करण्यापूर्वी वीजकंपन्यांच्या संस्थेला कळवणे बंधनकारक. हीच अट इथे घातली, तर आम्ही ती आनंदाने पाळू. त्यासाठी कोणत्या वाहिनीवर ही यंत्रणा चालते, एवढी माहिती अर्जदाराला मिळावी.

तेव्हा १३७ किलोहर्ट्झवर १ वॅट आणि ४७२ किलोहर्ट्झवर ५ वॅट ई.आय.आर.पी. अशी मर्यादा असावी. ट्रान्समीटरची वेगळी कमाल हवीच असेल, तर अमेरिकेप्रमाणे अनुक्रमे १५०० आणि ५०० वॅट ठेवावी. ई.आय.आर.पी.चा हिशेब अँटेनातील प्रवाह आणि तारेची उंची यांवरून मान्य करावा. क्षेत्रतीव्रता मोजण्याचे महागडे यंत्र सक्तीचे केले, तर कॉलेजात शिकणारा परवानाधारक या पट्ट्यावर कधीच येणार नाही.

आपत्तीत आम्ही या पट्ट्यांवर विसंबू, असा दावा नाही. त्या कामाला ४० मीटर आणि २ मीटरचे पट्टे आहेत. इथे चालतात ते अगदी संथ अंकीय संदेश, आणि त्यांतून जमीन, ऋतू व आयनांबर यांचा अभ्यास होतो. नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के सोसणाऱ्या जिल्ह्यात रेडिओ जाणणारी माणसे तयार होणे, हेही त्यातून साधते.

अंतिम नियम करण्यापूर्वी आम्हाला सुनावणी द्यावी. प्रायोगिक परवानगी दिल्यास आपल्या निरीक्षण केंद्राच्या अधिकाऱ्यांसमोर मासवण येथे हिवाळ्यात आणि पावसाळ्यात मापन करून दाखवण्याची आमची तयारी आहे.

आपले विश्वासू,
मासवण, पालघर व बोईसर-तारापूर परिसरातील परवानाधारक हौशी रेडिओचालक