डाव कुठवर आला?

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा आमच्याकडे राहायला आला होता. दहावीची परीक्षा देऊन नुकताच मोकळा झालेला. पहिल्याच रात्री ताटे वाढून हाक मारली, तर आतल्या खोलीतून उत्तर आले, ''मामा, पाचच मिनिटं. मध्येच थांबवता येत नाही.'' आमटी निवली, त्याच्या मामीचा पारा चढला आणि मी माझ्या पिढीच्या शिरस्त्याप्रमाणे एक भाषण ठोकले. तो खाली मान घालून जेवला. 'थांबवता येत नाही' ही शुद्ध थाप आहे, याविषयी माझ्या मनात शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी मात्र कुतूहलापोटी मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो आणि संध्याकाळपर्यंत तो खेळ माझ्याही मोबाईलवर आला. 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया', म्हणजे 'पब्जी मोबाईल'चा भारतीय अवतार. शंभर खेळाडू विमानातून रिकाम्या हातांनी एका बेटावर उतरतात. ओसाड घरांत सापडेल ती बंदूक उचलायची आणि लढायचे. सुरक्षित वर्तुळ हळूहळू आक्रसत जाते, सगळ्यांना एकमेकांसमोर आणून उभे करते. शेवटपर्यंत जो उरेल तो जिंकला. एका मोठ्या डावाला अर्धा तास सहज लागतो. चौघांचे पथक असेल, तर एकजण उठला की उरलेले तिघे उघड्यावर पडतात. भाचा खोटे बोलत नव्हता. क्रिकेटच्या मैदानावरून ऐन षटकात क्षेत्ररक्षक जेवायला निघून जावा, तसलाच हा प्रकार!

त्याच्या पथकातला एक मुलगा वडिलांच्या बदलीमुळे नागपूरला गेलेला. गोळीबाराच्या आवाजात ही पोरे अकरावीला कोणती शाखा घ्यायची याची चर्चा करत होती. आमच्या वेळी असली चर्चा नाक्यावर चाले. नाके गेले, मुलांनी आपला कट्टा त्या बेटावर हलवला, इतकेच.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मामा भाच्याला फितूर झाला. तसे नाही. तिसऱ्या दिवशी मी सातजणांना गारद केले आणि मोठ्या ऐटीत ते जाहीर केले. भाचा हसून म्हणाला, ''मामा, ते सगळे बॉट होते.'' म्हणजे संगणकाने चालवलेले बुजगावणे! नवख्याला गोडी लागावी म्हणून सुरुवातीच्या डावांत असे बुजगावणे भरपूर पेरलेले असतात. लहानपणी आजोबा कॅरममध्ये मुद्दाम हरत. तिथे माया होती, इथे हिशेब आहे.

हा हिशेब पुढे जागोजागी दिसतो. खेळ फुकट; पण नायकाचे झगमगीत कपडे आणि बंदुकीचे सोनेरी आवरण पैशांचे. काही वस्तू तर पेटीत बंद. आधी पैसे मोजायचे आणि मग आत काय निघते ते पाहायचे. या कपड्यांनी नेम सुधारत नाही. मग ते घेतात कशाला? मिरवायला! लग्नात शालू मिरवायचा तर वऱ्हाडी हवेत. फुकट खेळणारी आपली मुले ही या मांडवातली वऱ्हाडी मंडळी आहेत. त्यांच्यावाचून शंभराचा आकडा भरत नाही. ती पैसे देत नसतील. वेळ मात्र देतात.

शिवाय हरणे इथे फार स्वस्त आहे. पंचवीस पथकांपैकी चोवीस हरतात. पण हरल्याची हळहळ विरण्याआधीच नव्या डावाचे बटण समोर येते. एका रात्री मी स्वतः 'आता शेवटचा' म्हणत चार डाव खेळलो, तेव्हा कुठे हे मला उमगले. माझ्या वयाला जे जमले नाही ते पंधरा वर्षांच्या मुलाला सहज जमावे, ही अपेक्षा जरा जास्तच.

सरकारने काय ते करावे, असे आपल्याला वाटते. सप्टेंबर 2020 मध्ये पब्जीवर बंदी आली, तेव्हा घराघरांतून सुटकेचे निःश्वास निघाले. पण ती बंदी देशाच्या सुरक्षिततेच्या कारणासाठी होती. मुलांच्या अभ्यासासाठी नव्हे. जुलै 2021 मध्ये खेळ नव्या नावाने आला, जुलै 2022 मध्ये पुन्हा गेला, मे 2023 मध्ये परतला. परतताना अठरा वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला 3 तासांची मर्यादा घालण्यात आली. पण मोठ्यांच्या खात्यावरून खेळणाऱ्या मुलाला ती कशी अडवणार? आणि खरे सांगायचे तर शाळकरी मुलासाठी रोजचे 3 तासही थोडे नव्हेत.

माझ्या बहिणीने परीक्षेच्या दिवसांत भर डावात त्याच्या हातून मोबाईल हिसकावला होता. आठवडाभर मायलेकरांत अबोला होता. तिचा राग चुकीचा नव्हता, वेळ चुकीची होती. आमच्या घरी आम्ही मिनिटे मोजणे सोडले आणि डाव मोजू लागलो. जेवणाआधी दोन. दुसरा संपेपर्यंत कोणी हाक मारायची नाही. तो संपला की एका हाकेत उठायचे. पहिले दोन दिवस त्याने तिसऱ्यासाठी घासाघीस केली. मी नमलो नाही. तिसऱ्या दिवसापासून पानावर सगळ्यांत आधी तोच बसू लागला.

परत जाताना त्याला पोचवायला गेलो, तेव्हा बहिणीने विचारले, ''दादा, त्याला सांगू तरी काय?'' मी म्हणालो, ''सांगू नकोस, विचार. हाक मारण्याआधी विचार, डाव कुठवर आला? तो खरे सांगेल. आणि डाव संपल्यावरही उठला नाही, तर मग खुशाल रागाव. तेव्हा तुझा राग त्यालाही पटेल.''